काठोकाठ भरलेला ग्लास

आमचे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, कारखान्यांना हवा खेचणारे पंप विकतात. शिकले इंजिनिअर व्हायला, कंपनीने गळ्यात टाय अडकवून विकायला पाठवलं. त्यांची रीत ठरलेली: चालू पंपावर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवायचा. थेंब सांडला नाही की गिऱ्हाईक पटलं. पण थेंब सांडायचाच. रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात सराव चालायचा आणि ताई फडकं आपटत म्हणायची, "अहो, हे घर आहे की हौद?"

शेवटी साहेबांनी बजावलं, कागदाच्या कारखान्याची ऑर्डर आणा, नाहीतर गोदामात नटबोल्ट मोजत बसा. पंपाशिवाय दुसरा विषय माहीत नसलेल्या माणसाला ही जन्मठेपच. ताईच्या घशाखाली घास उतरेना. म्हणून मी गाडी घेऊन सोबत गेलो. पंप उचलायला दुसरा मूर्ख कोण मिळणार होता?

कारखान्यात एवढा गोंगाट की स्वतःचं बोलणं ऐकू येईना. भावोजींनी बटण दाबलं, ग्लास ठेवला. पाणी हललंसुद्धा नाही. तिथले मुख्य इंजिनिअर वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. टाळ्या पडल्या. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात भावोजींनी पंपावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. ते मुख्य इंजिनिअरांच्या कानाशी ओरडले, "साहेब, पंप सुरूच झालेला नाही. बोर्डाला वीजच नाहीये."

मला त्यांचा गळा दाबावासा वाटला.

"किती नम्र माणूस!" मुख्य इंजिनिअर म्हणाले.

"नम्र कसला! अहो, पंप बंद आहे!"

"बंद असताना इतका शांत, मग चालू झाल्यावर किती शांत असेल?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. ऑर्डर तिथल्या तिथे मिळाली.

नोकरी वाचली, वर बढती मिळाली. ग्लासासकट भावोजींचा फोटो कंपनीच्या माहितीपत्रकावर छापला गेला. पंप कारखान्यात बसवला, तो बसूनच राहिला. "एवढी चांगली वस्तू रोज चालवून खराब कशाला करायची?" असं मुख्य इंजिनिअरांचं म्हणणं. काम जुनाच पंप करतो, आदळआपट करत. नव्यावर कापड घातलंय. भावोजी अधूनमधून जातात, "एकदा तरी चालवा हो" म्हणून गयावया करतात आणि चहा पिऊन परत येतात. एकही तक्रार नाही म्हणून कंपनी खूश. भावोजी मात्र वाळत चाललेत, मला बघवत नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो, तर नमुन्याचा पंप स्वयंपाकघरात मांडलेला. भावोजींनी बटण दाबलं. पंप घरघरला, ग्लास नाचला, फरशीभर पाणी झालं.

"चालतोय!" भावोजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी ताईकडे बघितलं. आता फडकं आपटणार असं वाटलं. तिने ग्लास उचलला, नळाखाली धरून काठोकाठ भरला आणि पुन्हा त्यांच्या हातात दिला.