बळीरामच्या फोटोला मनाई

'तुमची साइट छान चालू आहे हं' असं सांगायला कोणी फोन करत नाही. बंद पडली की करतात, आणि आधी मनसोक्त बोलून घेतात. हिंगोलीत वेबसाइट सांभाळणारे आम्ही तिघं हेच ऐकत बसतो: दुकानाचे मालक गजाननराव, बळीराम राठोड आणि मी. तक्रारी इतक्या साठल्यात की नवीन आली तरी आता काही वाटत नाही.

बळीरामचं मात्र वाईट वाटतं. तिशीला टेकलेलं पोरगं, कामात चोख, पण लग्न जमेना. त्याच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची साइट आम्हीच सांभाळतो. तिथं त्याची माहिती टाकून वर्ष होत आलं, एकाही मुलीकडून विचारणा नाही. तांड्यावरून आईचा रोज फोन येतो. "होईल, याडी," म्हणून तो ठेवतो आणि पुन्हा की-बोर्डवर वाकतो.

*

सर्व्हरवरची कोणती फाइल कोणी वाचायची, कोणी बदलायची, हे ठरवून द्यावं लागतं. गजाननराव सगळ्यांना सगळंच खुलं ठेवायचे. सात-सात-सात, म्हणजे कोणीही वाचा, कोणीही बदला! मी टोकलं तर म्हणाले, "दारात आलेला माणूस परत लावायचा न्हाई."

गेल्या वर्षी कोणीतरी खरंच दारात आला आणि आत शिरला. शेतकऱ्यांनी हळदीचे भाव बघायला आमच्याकडची बाजार समितीची साइट उघडली, तर समोर रमीची जाहिरात. दिवसभर शिव्या खाल्ल्या. एकानंच शांतपणे विचारलं, "रमी ऱ्हाऊ द्या, पण हळद कितीला हाय?"

*

तेव्हापासून बळीरामनं दुसरं टोक गाठलं. दिसेल त्या फाइलला कुलूप. दोनच दिवसांत आखाडा बाळापूरचे एक आजोबा एसटीनं दुकानात हजर. भाव उघडले की 'प्रवेशास मनाई' येत होतं, नातीनं वाचून दाखवलेलं. मागच्या बाजारात आडत्याशी त्यांची बाचाबाची झाली होती, म्हणून आपल्या एकट्यालाच बंदी घातली असा त्यांचा समज.

मी माझ्या फोनवर तेच उघडून दाखवलं, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. चहा पिऊन उठताना तरी विचारलंच, "म्हंजे माफीबिफी मागायची न्हाई ना?"

*

सेटिंगची नवी फाइल गजाननराव कधी कोरी लिहीत नाहीत. जुनीची प्रत काढून नावगाव बदलतात, लग्नपत्रिका करतात तशी. मंडळाची साइट नव्या जागी हलवताना त्यांनी एका कॉलेजची फाइल उचलली, फोल्डर बदललं आणि साइटचा पत्ता बदलायचं विसरले. ऐन प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या पत्त्यावर वधू दिसायला लागल्या.

प्राचार्यांचा आवाज रडवेला झाला होता. पालक फी विचारायची सोडून मुलींची उंची विचारत होते म्हणे. मी पत्ता बदलला, सर्व्हर पुन्हा चालू केला, डोकं धरून बसलो. गजाननराव म्हणाले, "मंडळाला लोक किती आले बघ." लोक खूप आले होते. बळीरामला मात्र तेव्हाही कोणी विचारलं नाही.

*

मंडळाच्या तक्रारींसाठी आमच्याच दुकानाचा नंबर आहे. परवा बळीरामनं फोन स्पीकरवर घेतला. जवळा बाजारहून एक मुलगी बोलत होती. एका मुलाची माहिती नीट दिसते, पण फोटोची जागा कोरी आहे आणि तिथं दाबलं की 'मनाई' येतं, असं तिचं म्हणणं. बळीरामनं नोंदणीचा क्रमांक विचारला, टाइप केला आणि थांबला.

क्रमांक त्याचाच होता. बाकीच्यांचे फोटो फॉर्ममधून चढतात. यानं दुकानात लाज वाटते म्हणून स्वतःचा गुपचूप थेट सर्व्हरवर ठेवला होता आणि सवयीनं कुलूप घातलं होतं. साइटवर उघडून बघायचीही लाजच. वर्षभर त्याचा फोटो जगात कोणालाच दिसला नव्हता.

त्यानं कुलूप काढणारी एक ओळ टाइप केली. "आता बघा," म्हणाला.

मग ती म्हणाली, "दिसला." आणि लगेच, "यात काम लिवलंय, वेबसाइट दुरुस्ती, हिंगोली. ते तुमीच का?"

बळीरामनं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

"व्हय," तो म्हणाला.

"मंग आता बंद नका करू. आईला दाखवायचा हाय."