लग्नाच्या वर्षाची बाटली

मुरूदेकाकांना खऱ्या नावानं हाक मारणारं गल्लीत कुणी उरलं नव्हतं. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "मुरू दे जरा." घराला रंग काढायचा? मुरू दे. लेकीसाठी स्थळ बघायचं? मुरू दे. आता ह्यात त्यांचा तरी काय दोष म्हणा! सगळा जन्म गेला वाइनच्या तळघरात, लाकडी पिंपांच्या सोबतीनं. तिथं गोड लाल वाइन व्हायची, चांगली कडक. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात जहाल दारू ओतायची, की आंबणं तिथंच थांबतं आणि रसातली साखर तशीच राहते. पुढं काम एकच, वाट बघणं. उतावळ्या माणसाला त्या तळघरात कुणी दारातही उभं केलं नसतं.

काकू चीजच्या दुकानात कामाला. बोलायला फटकळ, पण नाक असं, की शेजारी काय करपलंय ते शेजारणीच्या आधी ह्यांना कळायचं. रविवारी दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघांची कचेरी भरायची. काका पिंपातला नमुना आणायचे, काकू चीजचे तुकडे. वाइन जराशी गार, पेला लहान, घोट त्याहून लहान. आधी हुंगायचं, मग बोलायचं. निळ्या बुरशीच्या खारट चीजशेजारी ही गोड वाइन बसवली की दोन्हींचाही तोरा उतरतो, हा काकूंचा शोध. कडू चॉकलेट चालतं, भाजलेले अक्रोड तर पळतात. पण गोडमिट्ट केक पुढं केलात, तर वाइन बिचारी आंबट तोंड करून बसते. नियम एकच होता: समोरच्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलायचं नाही. "हे नुसतं सरबत आहे," असं काकूंनी सुनावलं की काका फुरंगटायचे, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं जाऊन ते पिंप पुन्हा चाखायचे. बहुतेक वेळा बाईंचंच खरं निघायचं.

कपाटाच्या तळाशी लग्नाच्या वर्षाची एक बाटली आडवी ठेवलेली होती. लग्नाच्या वाढदिवसाला काकू विचारायच्या, "अहो, काढायची का?"

"अगं, मुरू दे."

एका रविवारी काकू घोट घेऊन म्हणाल्या, "कडू लागतेय." काकांनी पुढच्या वेळी दुसऱ्या पिंपातली आणली. "हीपण कडू. आणि जिभेला झोंबतेय." दुसरा कुणी असता तर त्यानं बायकोच्या तोंडात डोकावून पाहिलं असतं. आमच्या काकांनी पिंपात डोकावून पाहिलं! पिंपं धुतली, चीज बदलायला लावलं, अक्रोड खवट म्हणून फेकून दिले. वर काकूंनाच ऐकवलं, की तुझ्या दुकानाचा माल घसरलाय.

"डॉक्टरला दाखवू का एकदा?" काकू म्हणाल्या.

"तोंड आलं असेल गं. थांब जरा, बरं होईल आपोआप."

काकू थांबल्या. मग एकदा लेक माहेरी आली, आई एकाच बाजूनं चावतेय हे तिनं पाहिलं आणि हात धरून तिला थेट इस्पितळात नेलं. जिभेच्या मुळाशी गाठ होती, आणि ती पसरलेली होती. "आधी का नाही आणलंत?" डॉक्टरांनी विचारलं. काकूंनी तेव्हाही काकांना काही म्हटलं नाही, नंतरही नाही. चार शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं हो! त्या गप्प राहण्यानं काका आतून खचले. अन्न गोड लागेना. त्यांना बायकोच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती, की तुमची चूक नव्हती. बाकी कुणी सांगून उपयोग नव्हता.

डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा काकूंना घरी आणलं. एका दुपारी त्या उशीला टेकून म्हणाल्या, "ती बाटली काढा. आता मुरायचं काय राहिलंय?"

काका स्वयंपाकघरात गेले. बूच अर्धं चुरा होऊनच निघालं. तळाचा गाळ येऊ नये म्हणून वाइन फडक्यातून गाळायला घेतली, आणि वास आला. ओल्या गोणपाटाचा. पुन्हा हुंगलं, तोच वास. शेवटी फळीवरची साधी बाटली उघडली, पेल्यात तीच ओतली आणि चेहरा ठाकठीक करून खोलीत आले.

काकूंनी पेला नाकाशी धरला. "ही ती नव्हे."

"अगं, असं काय..."

"जीभ गेलीय माझी, नाक नाही गेलं. ती आणा."

आणावी लागली. काकूंनी हुंगली आणि डोळे मिटले. "गोणपाट."

"हं. बूच खराब निघालं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच असणार. अशा बुचाचा वास लवकर उतरतो वाइनमध्ये. लग्नानंतर लगेच उघडली असती तरी हाच आला असता."

काकूंना हसू आलं. हसताना दुखलं, तरी हसल्या. "म्हणजे उगाच जपली म्हणायची! जाऊ द्या. बाटलीत तुमची काही चूक नाही."

आता पुढचं येईल म्हणून काका हातात पेला धरून बसून राहिले. इतक्या वर्षांत कुठल्या पिंपाची अशी वाट पाहिली नव्हती. काकूंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. हा माणूस कशासाठी बसलाय ते त्यांना कळलं होतं, न कळायला काय झालं! ओठ जरा हलले. मग त्या म्हणाल्या, "खिडकी उघडा हो. वास भरलाय खोलीत."

काकांनी खिडकी उघडली.

त्याच आठवड्यात काकू गेल्या. शेवटपर्यंत काका उशाशी बसून होते. काकू त्यांच्याशी औषधाचं बोलल्या, लेकीचं बोलल्या, दुधाची पिशवी आत घ्या म्हणाल्या. ते एक वाक्य मात्र बोलल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा नियम मोडला नाही.