बसप्पाचा नारू

नळदुर्गपासून चार मैलांवर आमचं ठाणं होतं. निजामी राजवटीची ती शेवटची वर्षं. हजेरीपटावर अकरा नावं. मी नायक, मलमपट्टी आणि हजेरी माझ्याकडे. पाणी एकाच बारवेचं, पायऱ्या एकोणीस.

उन्हाळ्यात शिपाई बसप्पाच्या घोट्यावर फोड आला. बसप्पा उमरग्याकडचा, चेष्टेखोर गडी. फोडाची आग सोसेना, म्हणून तो खालच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडी. शेजारीच आम्ही कळशा भरत असू. कुणालाच त्यात गैर वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी फोड पाण्यातच फुटला. जखमेतून पांढरा दोरा डोकावला. नारू.

त्याचा उपाय एकच. टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज सकाळी सहाला दोन बोटं ओढायचं. अडला की थांबायचं. नऊ दिवसांत अठरा बोटं निघाला. उरलेला कातडीखाली सरकताना दिसे.

"नायक, ह्याचं बी नाव हजेरीत घ्या," बसप्पा म्हणे. "बारावा गडी. माझ्यापरीस शिस्तीत चालतुय."

दहाव्या दिवशी हुकूम आला : बारा वाजता कूच. ठाण्याचे प्रमुख हवालदारसाहेब माझ्याजवळ आले.

"ओढून काढ."

"साहेब, तुटंल."

"दोराच हाय न्हवं? ओढ."

बसप्पा हसला. "ओढा, नायक. त्याला बी कूच हाय."

मी ओढला. तुटला. टोक आत गेलं.

कूच दोन वाजता रद्द झाली. संध्याकाळी पाय मांडीपर्यंत सुजला. शेक दिला, कडुलिंबाच्या पाण्यानं जखम धुतली. पाचव्या दिवशी बसप्पा गेला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्हां सात जणांच्या पायांवर फोड आले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कारण सांगितलं : फुटलेला फोड पाण्यात बुडाला की नारू पिल्लं सोडतो. ते पाणी न गाळता प्यायलं, की वर्षभरानं तो पिणाऱ्याच्या अंगातून निघतो. मी हिशेब केला. त्या बारवेत पाय सोडणारा एकटा बसप्पाच होता.

रोज सकाळी हवालदारसाहेब माझ्यापुढे पाय करून बसत. "सावकाश, नायक," एवढंच म्हणत.

माझा नारू एकतीस दिवसांनी अखंड निघाला. काडी हातात घेऊनच मी त्या सकाळच्या हजेरीला उभा राहिलो. पटावरची दहाही नावं वाचून झाली. मग तोंडून अकरावं निघून गेलं.

"शिपाई बसप्पा."

हवालदारसाहेबांनी खाली आपल्या काडी बांधलेल्या घोट्याकडे पाहिलं.

"हाजिर," ते म्हणाले.