कावळे बोलावणारे काका

त्या अमेरिकन म्हाताऱ्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मनात मी त्यांना काका म्हणतो. ऑफिसातल्या मित्राने त्यांच्याबरोबर कावळ्यांच्या शिकारीचा बेत ठरवला, मलाही त्यात ओढलं, आयत्या वेळी स्वतःचं येणं कॅन्सल केलं आणि आमच्या अर्विंग शहराबाहेरच्या शेतात आम्ही दोघेच उरलो. नेमकं त्याच दिवशी माझ्या आईचं श्राद्ध होतं.

काका लाकडी शिट्टीतून हुबेहूब कावळ्याचा आवाज काढायचे आणि दर वेळी ती शर्टाला पुसायचे. दुपारी सँडविच खाताना त्यांनी विचारलं, "तुझा डबा बंद का?"

मी सांगून टाकलं. आमच्यात गेलेलं माणूस कावळ्याच्या रूपात जेवायला येतं. सकाळी बाल्कनीत याच डब्यातल्या भाताचा घास ठेवला होता, पण एकही कावळा फिरकला नाही. आईच्या आधी मी कसा जेवणार?

मला वाटलं, हसतील. त्यांनी बंदुकीतली काडतुसं काढून खिशात टाकली. "भात कुंपणापाशी ठेव. आणि हलू नकोस."

मग शिट्टी वाजली, घरातल्या माणसाला हाक मारावी तशी, हळू. बऱ्याच वेळाने एक कावळा उतरला. त्याने मान तिरकी करून बघितलं आणि भातात चोच घातली.

काकांनी टोपी काढली. "आई जेवली," ते कुजबुजले. "आता तू जेव."