शिट्टी वाजली की थांबायचं

शिट्टीमावशींनी स्वतः कधी शिट्टी वाजवली नाही. वनखात्याच्या कचेरीत त्यांची उभी नोकरी टायपिंगमध्ये गेली. झाडांच्या गणत्या, वणव्यांचे अहवाल, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलं, जंगल तेवढं बघायचं राहिलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाड तळव्यांचे बूट आणले, तेव्हा थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आता या वयात?"

"मग काय पुढच्या जन्मी?" मावशी म्हणाल्या आणि नाड्या बांधायला बसल्या.

आता सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे त्यांची एक खोली आहे. भिंतीशी ओळीनं बूट, दोरीवर वाळत घातलेल्या सॅक, खिडकीत रानातून उचलून आणलेले दगड. शाळेनं ज्यांच्यापुढे हात टेकले अशी मुलं इथे येतात आणि मावशी त्यांना आठवडाभर रानात नेतात. गाडी, स्वयंपाक आणि आईवडिलांचे फोन ही खाती भाच्याकडे.

मावशींचा नियम एकच. शिट्टी एका मुलाच्या गळ्यात राहणार. ती वाजली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि वाजवणाऱ्यानं हात वर केला की पुढे निघायचं. का म्हणून विचारायचं नाही. मावशींनीसुद्धा.

या खेपेला शिट्टी गेली लाल सॅकवाल्या मुलीच्या गळ्यात. वर्गात धडा वाचताना तिचा आवाज चिरकला होता आणि अख्खा वर्ग हसला होता. तेव्हापासून तिनं तोंडच मिटलं. हजेरीलाही ओ देईना. पहिल्या बाकावर बसून गैरहजेरी लागत होती आणि त्यापायी वर्ष वाया जायची वेळ आली होती. सोडायला आलेले वडील म्हणाले, "घरी बोलते हो ती." मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे, बोलायची."

"मावशी, तोंडातून शब्द काढत नाही तिच्या हातात शिट्टी देतेस?" भाच्यानं विचारलं. "ती वाजवायचीच नाही."

भाचा साफ चुकला. बुटात खडा गेला, शिट्टी. मुंग्यांची रांग आडवी आली, शिट्टी. झुडपात काही सळसळलं, शिट्टी. तो सरडा निघाला.

"ओ हवालदार, पावती फाडा आता!" एक उंच मुलगा ओरडला. त्याला सगळे हीरो म्हणत, कारण त्यानंच तसं सांगून ठेवलं होतं. मुलं खिदळली. मावशी मात्र दर वेळी खांबासारख्या उभ्या राहिल्या. कचेरीत त्यांनी एक गोष्ट नीट पाहिली होती. ज्याच्या सहीला किंमत नसते तो कुठेही सही करतो. किंमत आली की तोच माणूस आधी कागद वाचायला लागतो.

तिसऱ्या दिवशी वाटेत ओढा लागला. पलीकडे भाचा पातेल्यातलं गरम जेवण ढवळत होता, वास अलीकडे येत होता. पाणी घोट्याएवढं, नितळ. मावशींनी पहिल्या दगडावर पाय ठेवला आणि शिट्टी वाजली.

"अहो मावशी, एवढ्या पाण्यात बदकसुद्धा बुडत नाही!" हीरो कळवळला.

मावशींना ते ठाऊक होतं. गुडघे ठणकत होते. पूल वरच्या अंगाला, चांगलाच लांब. दुसरा पाय उचलला असता तर कोणी नाव ठेवलं नसतं. पण मग शिट्टी नुसती खेळण्यातली उरली असती, आणि त्या मुलीचा शब्दही. त्यांनी पाय मागे घेतला आणि हात वर व्हायची वाट पाहिली. हात काही वर झाला नाही.

"पुलावरून?"

मुलीनं मान डोलावली.

पोचेपर्यंत जेवण गार झालं होतं. ओढ्याला पूर आला नाही की दरड कोसळली नाही. ताटं घासताना मुलगी मावशींच्या शेजारी येऊन बसली. आवाज इतका बारीक की ताटं जरा खडखडली असती तर ऐकू आला नसता.

"पाणी कमीच होतं ना?"

"कमीच होतं."

"मग थांबलात का?"

"शिट्टी वाजली ना."

"पण मी चुकले."

"चुकलीस. ते ताट दे इकडे."

त्यानंतर शिट्टी कमी झाली. मुलगी आधी वाकून बघे, काठीनं चाचपे, मग पाऊल टाके. एकदा निसरड्या उतारावर तिनं वाजवली तेव्हा कोणी हसलं नाही. ती जागा खरंच वाईट होती.

परतीच्या दिवशी पुन्हा तोच ओढा. मुलगी खाली उतरली, पाण्यात काठी घालून पाहिली आणि सरळ चालत मध्यापर्यंत गेली. तिथून तिनं वळून पाहिलं. हीरो काठावर विनोद करत होता, पण सुटलेली नसताना बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होता. बाकीच्यांना त्यात काही दिसलं नाही. तिला दिसलं. त्या विषयात तिचा अभ्यास दांडगा होता.

ती परत आली, गळ्यातली शिट्टी काढली आणि त्याच्या गळ्यात घातली.

"मला कशाला?"

"असू दे. तू वाजवलीस की मी थांबेन."

ओढ्याच्या मध्यावर हीरोनं ती वाजवली. सगळे थांबले. शेवटी असलेल्या मावशीही, एक पाय गार पाण्यात आणि एक दगडावर. हीरोनं दोन-चार खोल श्वास घेतले, हात वर केला आणि पलीकडे गेला.

भाच्यानं गाडी सुरू केली आणि रोजच्यासारखी सॅकच्या रंगावरून हजेरी घेतली. निळी, हिरवी, काळी. लाल सॅकला तो नुसतं वळून बघायचा. आज वळायच्या आतच मागून आलं, "हजर."

"काय? इंजिनात ऐकू येत नाही."

"हजर म्हटलं ना!"

आवाज मध्येच थोडा चिरकला. हीरोनं शेजारच्याकडे असं काही पाहिलं की त्याचं हसू ओठातच राहिलं. मावशी ओले मोजे पिळत होत्या.

"ऐकलंस ना रे?" त्या भाच्याला म्हणाल्या. "मग काढ गाडी. सोमवारी तिची शाळा आहे."