बिनकरंगळीच्या पावलाचा ठसा

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे मी विसरलो. रहिमतपूरजवळच्या एका गावातली ती घरफोडी मात्र अजून जशीच्या तशी आठवते. लढाईचा काळ होता. मी ठाण्याचा रायटर हवालदार, म्हणजे पंचनामे, जबाब आणि डायरी लिहिणारा. आमचे फौजदारसाहेब माग काढण्यात जिल्ह्यात नावाजलेले. त्यांनीच मला काम शिकवले. पेन्शनीला चार महिने उरले असताना ते गोष्टी विसरू लागले होते. एकाच साक्षीदाराचा जबाब दोनदा घेत. दुसरा कागद मी गुपचूप फाडून टाकी.

त्या घरातून चांदीची भांडी गेली होती. साहेबांनी गावातल्या एका शेतकऱ्याला पंच म्हणून बोलावले. तो आमच्याबरोबर परसात हिंडला आणि पंचनाम्यावर अंगठा उठवून घरी गेला. दुपारी साहेब पुन्हा परसात गेले आणि ओल्या मातीतल्या एका पावलावर त्यांनी पाटी पालथी घातली. ठसा शाबूत राहावा म्हणून आम्ही तसे करत असू. त्या पावलाला करंगळी नव्हती.

तिसऱ्या दिवशी चावडीवर साहेबांना बिनकरंगळीचा माणूस दिसला. तो आमचा पंचच होता. साहेबांनी त्याला धरून ठाण्यात आणले. चौकशीत तो एकच सांगत राहिला, "आवं सायेब, तुमीच पंच म्हनून बोलावलं न्हवं का मला?"

साहेब माझ्याकडे वळले. "काय रे, याला आपण बोलावलं होतं?"

समोर दोन शिपाई उभे होते. हो म्हटले असते तर साहेबांची अवस्था उघडी पडली असती. "लक्षात नाही, साहेब," मी म्हणालो. नंतर एकांतात सांगू, असे मनाशी ठरवले होते. पण रिमांड मिळाला, आणि मी रोज उद्यावर ढकलत गेलो. पंचनामा फायलीत खाली दडपून ठेवला.

अटकेला नऊ दिवस झाले तेव्हा खबऱ्याने सांगलीहून बातमी आणली. एक जण तशीच भांडी विकायला सराफांकडे फिरत होता. दुसऱ्या दिवशी तो मुद्देमालासह सापडला. कौले काढून शिरलो, परसात पाऊलही टाकले नाही, असे त्याने कबूल केले.

साहेब चक्रावले. "मग कोठडीतल्या माणसाचं पाऊल तिथे आलं कुठून?"

मी पंचनामा पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"सही माझीच आहे. मला काही आठवत नाही. तुला आठवत होतं?"

मी हो म्हणालो. सुटकेचा अहवाल त्यांनी स्वतः लिहिला, चूक आपली म्हणून नोंदवली आणि त्याच दिवशी रजेचा अर्ज दिला. माझे नाव त्यात कुठेच नव्हते.

कोठडी उघडताना मी त्या माणसाची माफी मागितली. तो म्हणाला, "सायबांचं वय झालंय, हवालदार. माझ्या अंगठ्याला शाई तर तुमीच लावली हुती."

पुढे अधिकारी झाल्यावर आरोपीचे म्हणणे मी आधी कागदाशी ताडून पाहत असे. हाताखालचे लोक याला शिस्त म्हणत. त्यामागचे कारण मी कोणाला सांगितले नाही, ते आज लिहितो आहे. साहेबांनी विस्मरणामुळे एका निरपराध माणसाला कोठडीत घातले. मी सारे आठवत असताना त्याला दहा दिवस तिथे राहू दिले.