रामलिंग गुरुजींची एक जून

उदगीर तालुक्यातल्या आमच्या गावात एक जूनला निम्म्या गावाचा वाढदिवस असतो. सरपंच, त्यांचे दोन्ही भाऊ, पिठाच्या गिरणीचा जिलानी, सगळ्यांची तारीख तीच. ही रामलिंग गुरुजींची कृपा. आईबाप लेकराला शाळेत घालायला आणत आणि जन्मतारीख विचारली की 'पोळ्याच्या पुढंमागं' म्हणत. मग गुरुजी लेकराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगत. हात पोचला की वय झालं. दाखलखारीज रजिस्टरात सुवाच्य अक्षरात एक जून.

शिवगंगाच्या हरिओमचा हात काही कानाला लागत नव्हता. पण तिला खुरपायला जायचं होतं आणि घरी लेकराकडे बघायला कोणी नव्हतं. गुरुजींनी हळूच त्याची मान वाकडी केली. हात लागला. एक जून २००७.

हा हरिओम एकटा असला की शाळेची झाडं न सांगता पाणी घालून जगवणारा. मागे तीन मित्र उभे राहिले की तोच पोरगा पत्र्यावर चढे. गुरुजींना हे पाठ होतं. मागच्या जुलैत मित्रांनी पैज लावली आणि तो रस्त्याच्या कामावरच्या रोड रोलरवर चढला. रोलर चालू झाला, पण थांबवता कुणालाच येईना. सरपंचांच्या नव्या मोटारसायकलीचा पापड करून तो हळूहळू ओढ्यात उतरला. रोलरखाली माणूस कुणी सापडला नाही, एवढं बरं.

पोलिसांनी शाळेतला दाखला काढला. अठरा पूर्ण, वर दीड महिना. म्हणजे मोठ्यांच्या कोर्टात खटला. खरं तर पोरगा ऑक्टोबरचा, अठराला तीन महिने कमी. निलंग्याच्या दवाखान्यातला कागद शिवगंगाकडे होता. पण वकील म्हणाले, कोर्ट आधी शाळेची नोंद बघतं. ती तारीख कशी पडली, हे लिहिणाऱ्यानंच सांगायला पाहिजे.

शिवगंगा गुरुजींच्या ओट्यावर येऊन बसली. दवाखान्याचा कागद तिनं पुढं ठेवला. जिलानी मात्र पिठाच्या हातानंच धावत आला.

"गुरुजी, एक तारीख खोटी म्हनलात तर आमच्या समद्यांच्या उघड्या पडतेत. अन् तुमची पेन्शन?"

"पेन्शन माझी हाय, जिलानी. तू गिरणी बघ, पट्टा घसरत असंल."

कोर्टात गुरुजी धुतलेलं धोतर नेसून गेले. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, ही तारीख कशाच्या आधारावर लिहिली?

"हात कानाला लागला त्यावर. खरं तर लागलाही नव्हता, साहेब. मान मी वाकवली."

कोर्टात हसू पिकलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं की तीन महिन्यांत पोराच्या समजुतीत असा काय फरक पडतो?

"काहीच नाही. अक्कल तारीख बघून येत नाही. पण कायद्यानं रेघ अठरावर मारलीय आणि हा रेघेच्या अलीकडं हाय. पलीकडं त्याला मी ढकललंय."

साहेबांनी दवाखान्याची नोंद धरली आणि प्रकरण लातूरच्या बाल न्याय मंडळाकडे गेलं. गुरुजींना खात्याकडून खुलासा मागणारं पत्र आलं. त्यांनी तो चार ओळींत दिला.

लातूरच्या तारखेला ते हरिओम आणि शिवगंगासोबत एसटीनं गेले. मंडळावरच्या बाईंनी शिवगंगाला समजावलं की या वयात मेंदूची वाढ पुरी झालेली नसते. कुणी बघतंय याची मजा आधी चढते, पुढं काय होईल हा विचार मागून येतो. तो यायला वेळ द्यायचा, म्हणून हे मंडळ. हरिओमला समुपदेशन आणि दोन महिने रस्त्याकडेच्या झाडांना पाणी घालायचं काम मिळालं.

येताना गुरुजींनी विचारलं, रोलरवर का चढलास?

"मलाच कळंना, गुरुजी. पोरं बघत होती."

गुरुजींनी मान डोलावली. चाळीस वर्षांत इतकं खरं उत्तर त्यांना क्वचितच मिळालं होतं. त्यांनी त्याला खिडकीकडची जागा दिली.